प्रयोगशाळेत नवे यंत्र आले. ते चालू ठेवणार कोण?

मध्य प्रदेशातील सोनागिरी म्हटले की अनेकांना दतियाजवळचे जैन तीर्थ आठवते. भोपाळमधील सोनागिरी वेगळी. शहराच्या पूर्व भागात, भेलच्या कारखान्याची वसाहत आणि गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्र यांच्या शेजाराने वाढलेली ही कामगारांची व मध्यमवर्गीयांची वस्ती आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेचे इस्पितळ येथे आहे. येथून फारशा दूर नसलेल्या आनंदनगर भागात राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा तो बर्ड फ्लू असल्याचे निदान भोपाळच्या याच संस्थेच्या प्रयोगशाळेत झाले होते.

अशा उच्च सुरक्षा प्रयोगशाळेची रचनाच यंत्रांना सांभाळणारी असते. तेथे हवा गाळून घेतली जाते, तापमान व दाब यांवर सतत लक्ष असते, वीज गेली तर पर्यायी व्यवस्था तयार असते आणि बिघाड झाल्यास धावून येणारे अभियंते हाताशी असतात. कामगारवस्तीतील सामान्य इस्पितळाची प्रयोगशाळा अशी नसते. तेथे दार दिवसभर उघडझाप करते, रस्त्यावरची धूळ आत येते, एकच तंत्रज्ञ रक्त, लघवी आणि थुंकी अशा सगळ्या तपासण्या सांभाळतो. मात्र रोगनिदानाची नवी यंत्रे आज या दोन्ही ठिकाणी बसवली जातात. माहितीपत्रकातली कामगिरी पहिल्या ठिकाणची असते. रुग्णांची गर्दी दुसऱ्या ठिकाणी असते.

हा प्रश्न भोपाळपुरता नाही. गोव्यातही जिल्हा इस्पितळांपासून आरोग्य केंद्रांपर्यंत नवनवी यंत्रे येत आहेत. शिवाय देशभरातील क्षयरोग तपासणीसाठी वापरले जाणारे एक महत्त्वाचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता तर वेर्णा औद्योगिक वसाहतीतलाच आहे. त्यामुळे नवे यंत्र बाजारात आल्यावर पहिल्या काही वर्षांत काय घडते, ते बंद का पडते आणि बंद पडल्यावर जबाबदारी कोणाची, हे गोव्यातील वाचकाने समजून घेण्याजोगे आहे. क्षयरोगाच्या तपासणीचा गेल्या दीड दशकातील प्रवास त्यासाठी सर्वांत बोलका आहे.

सूक्ष्मदर्शकापासून कार्ट्रिजपर्यंत

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जीवाणू शोधला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या रोगाच्या निदानाचे मुख्य साधन एकच होते: काचपट्टीवर पसरलेली थुंकी आणि तिच्यावर रोखलेला सूक्ष्मदर्शक. ही पद्धत स्वस्त, पण मर्यादित. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जीवाणू असतील, तरच ते डोळ्यांना दिसण्याची शक्यता असते. शिवाय दिसलेला जीवाणू औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्ट या यंत्रावरील तपासणीची शिफारस केली. भारतातील क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी सीबीनॅट या नावाने ओळखली जाते. थुंकी एका रसायनात मिसळायची, प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये ओतायची आणि कार्ट्रिज यंत्रात ठेवायचे. पुढचे काम यंत्र करते. जीवाणूची जनुकीय खूण शोधून ती लाखो पटींनी वाढवते आणि दोन तासांच्या आत दोन उत्तरे देते: क्षयाचा जीवाणू आहे का, आणि असल्यास तो रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला दाद देतो का.

भारतात २०१२ मध्ये १८ क्षयरोग घटकांत या तपासणीची प्रात्यक्षिक अंमलबजावणी सुरू झाली. या घटकांच्या कार्यक्षेत्रातील लोकसंख्या सुमारे ८८ लाख होती. निदानात स्पष्ट वाढ दिसली आणि पुढच्या काही वर्षांत देशात हजाराहून अधिक सीबीनॅट यंत्रे बसवली गेली. यंत्राने आपली उपयुक्तता सिद्ध केली, यात शंका नाही. पण ते सूक्ष्मदर्शकासारखे नव्हते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला तर गावातल्या दुकानातून नवा आणता येत असे. या नव्या यंत्राचा एक भाग निकामी झाला, तर तो कंपनीकडूनच येणार होता.

निकाल न येण्याचे तीन प्रकार

‘यंत्र बिघडले’ असे आपण सरसकट म्हणतो. प्रयोगशाळेच्या भाषेत मात्र निकाल न मिळण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

पहिला प्रकार ‘त्रुटी’ हा. तपासणी सुरू असताना यंत्र स्वतःची परीक्षा घेत असते. कार्ट्रिजमधील दाब अपेक्षेपेक्षा वाढला, तापमान मर्यादेबाहेर गेले किंवा प्रकाशसंकेत नीट मिळाला नाही, की ते थांबते आणि पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक दाखवते. दुसरा प्रकार ‘अवैध निकाल’. प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तपासणी योग्य रीतीने झाली की नाही हे पाहण्यासाठी एक अंतर्गत नियंत्रक असतो. रुग्णाच्या नमुन्यात जीवाणू सापडला नाही आणि नियंत्रकही सापडला नाही, तर नकारात्मक निकालावर विश्वास ठेवता येत नाही. तिसरा प्रकार ‘निकालच नाही’. तपासणी मध्येच तुटली की हा संदेश येतो. आपल्याकडे त्याचे नेहमीचे कारण म्हणजे खंडित झालेली वीज.

या तिन्हींची वेगवेगळी नोंद ठेवली, तर रोग कोठे आहे ते कळते. अवैध निकाल वाढले, तर नमुना घेण्याच्या किंवा मिसळण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागते. एकाच मॉड्यूलवर त्रुटी वाढल्या, तर यंत्राकडे. सगळ्या मॉड्यूलांवर एकाच वेळी वाढल्या, तर कार्ट्रिजच्या नव्या साठ्याकडे किंवा खोलीच्या तापमानाकडे. ‘निकालच नाही’ वाढले, तर वीजपुरवठ्याकडे. अयशस्वी तपासण्यांचे एकूण प्रमाण सुमारे पाच टक्क्यांच्या आत राहावे, अशी अपेक्षा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे. प्रमाण त्यापुढे गेले, तर शोध घेणे भाग आहे.

कारण प्रत्येक अयशस्वी तपासणीत एक कार्ट्रिज वाया जाते. निर्माती कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी या कार्ट्रिजची सवलतीची किंमत ९.९८ डॉलरवरून ७.९७ डॉलरवर आणली. पण वाया गेलेल्या कार्ट्रिजपेक्षा मोठी किंमत रुग्ण मोजतो. त्याला पुन्हा बोलावावे लागते. रोजंदारीवर काम करणारा माणूस दुसऱ्यांदा येईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तो आला नाही, तर त्याचे निदान राहते आणि खोकला घरात फिरत राहतो.

पहिली आवृत्ती आणि तिचे दोष

यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांचा आलेख काढतात, तेव्हा तो बाथटबच्या आकाराचा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त, मग दीर्घकाळ कमी, आणि यंत्र जुने झाले की पुन्हा जास्त. सुरुवातीच्या बिघाडांत उत्पादनातील चुका, रचनेतील उणिवा आणि वापरणाऱ्याचा अननुभव असे तिन्ही घटक मिसळलेले असतात. म्हणून यंत्र अगदी नवे असताना निर्मात्याची साथ सर्वाधिक लागते.

जीनएक्स्पर्टही याला अपवाद ठरले नाही. वापर वाढू लागल्यावर दोन तक्रारी पुढे आल्या. एक, प्रकाशसंकेत हरवल्याची ठरावीक त्रुटी वारंवार दिसत होती. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती: काही रुग्णांचा जीवाणू रिफाम्पिसिनला दाद देणारा असूनही यंत्र तो दाद देत नसल्याचे सांगत होते. कंपनीने कार्ट्रिजची रचना आणि निकालाचे गणित यांत बदल करून २०११ मध्ये ‘जी-४’ ही सुधारित आवृत्ती आणली.

दुसऱ्या तक्रारीचे गांभीर्य लक्षात घ्यायला हवे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचा उपचार त्या काळी दोन वर्षांपर्यंत चालत असे आणि त्यातील काही औषधांमुळे ऐकू येणे कायमचे कमी होण्याचा धोका होता. यंत्राचा एक चुकीचा संकेत माणसाला या वाटेवर नेऊ शकत होता. म्हणूनच रुग्णाला कमी धोका असताना असा निकाल आला, तर दुसरा नमुना घेऊन पुन्हा खात्री करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन देण्यात आले.

२०१७ मध्ये ‘अल्ट्रा’ ही आणखी संवेदनशील कार्ट्रिज आली. जुनी कार्ट्रिज मिलिलिटरमागे शंभराहून थोडे अधिक जीवाणू असले तर ओळखत असे. अल्ट्राची क्षमता सोळाच्या आसपास आली. हा मोठा फायदा होता. पण पूर्वी क्षय होऊन बरे झालेल्या माणसाच्या थुंकीत मृत जीवाणूंचे अवशेष काही काळ राहू शकतात, आणि अल्ट्रा तेही पकडू लागली. यंत्रात बिघाड नव्हता, ते सांगितलेले काम चोख करत होते. तरीही त्याच्या उत्तराचा अर्थ लावण्याची रीत डॉक्टरांना नव्याने शिकावी लागली. नव्या उपकरणाला लागणारा आधार केवळ स्क्रू-ड्रायव्हरचा नसतो, हे यातून दिसले.

भोपाळचा उन्हाळा, गोव्याचा पावसाळा

जीनएक्स्पर्ट १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात चालावे, अशी त्याची रचना आहे. कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवाव्या लागतात. भोपाळमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे यंत्रासोबत वातानुकूलन आले, वातानुकूलनासोबत अखंड वीज आली, आणि विजेसोबत बॅटरी व इन्व्हर्टर आले. या साखळीतली एक कडी तुटली, की यंत्र निर्दोष असूनही बंद. शिवाय धूळ आहेच. ती गाळणीत साठते, पंख्याला अडवते आणि प्रकाश मोजणाऱ्या भागावर बसते.

गोव्यात उन्हाचा कडाका तेवढा नाही, पण पावसाळ्यात हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. किनाऱ्यालगत हवेत मीठ असते आणि ते धातूच्या जोडांना गंज चढवते. वादळी पावसात वीज जाते-येते, आणि वीज जाण्यापेक्षा परत येतानाचा दाबाचा झटका इलेक्ट्रॉनिक यंत्राला अधिक बाधतो. या गोष्टी कोणालाही नव्या नाहीत. तरीही यंत्राची मागणी नोंदवताना खोलीचा, विजेचा आणि जमिनीवरून परत येणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या जोडणीचा विचार बहुधा नंतर होतो.

एक साधे गणित पाहावे. सर्वसाधारण जीनएक्स्पर्टमध्ये चार मॉड्यूल असतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे चालते. एका तपासणीला सुमारे दोन तास धरले, तर आठ तासांत सोळा तपासण्या होतात. एक मॉड्यूल बंद पडले की बारा, दोन बंद पडली की आठ. यंत्र ‘चालू’ असल्याचा अहवाल वर जात राहतो. प्रत्यक्षात क्षमता निम्म्यावर आलेली असते. मॉड्यूलांची वर्षातून एकदा प्रमाणतपासणी करावी लागते आणि त्यात नापास झालेले मॉड्यूल बदलावे लागते. बदली मॉड्यूल किती दिवसांत येते, यावर त्या प्रयोगशाळेचे वर्ष कसे जाईल हे ठरते.

या अनुभवातूनच जगभरातील आरोग्यसंघटनांनी ‘पाच डॉलर’ची मागणी पुढे रेटली. त्या मागणीत केवळ कार्ट्रिज पाच डॉलरला द्या एवढेच नव्हते. त्या किमतीतच यंत्राची सेवा व देखभाल धरा, असाही आग्रह होता. म्हणजे तपासणीची किंमत ठरवताना यंत्र चालू ठेवण्याचा खर्च वेगळा काढता येत नाही, ही गोष्ट ठामपणे मांडली गेली.

वेर्णाचे उत्तर आणि त्याच्या अटी

वातानुकूलित खोलीवर अवलंबून नसलेले यंत्र करता येईल का, या प्रश्नाचे एक उत्तर भारतातून आले. बंगळुरूची बिगटेक आणि गोव्याचा ट्युलिप समूह यांच्या सहभागातून उभी राहिलेली मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी वेर्ण्यात आहे. तिचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते आणि सुमारे ४० अंशांपर्यंतचे तापमान सहन करते. टेबलाच्या एका कोपऱ्यात मावणारे हे यंत्र सूक्ष्मदर्शक असलेल्या छोट्या केंद्रांपर्यंत नेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोग तपासणीसाठी त्याची शिफारस केली.

त्या शिफारशीला आधार देणारा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण तो केवळ मोठ्या प्रयोगशाळांत झाला नाही. भारत, इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, १,८०० हून अधिक लोकांवर, प्राथमिक पातळीवरील केंद्रांतही तो झाला. तेथे ट्रूनॅटच्या दोन चाचण्यांची रोग ओळखण्याची क्षमता अनुक्रमे सुमारे ७३ व ८० टक्के आढळली. ज्या वातावरणात यंत्र वापरले जाणार, त्याच वातावरणात त्याची परीक्षा घेणे हाच नव्या उपकरणाच्या विश्वासार्हतेचा खरा पाया आहे.

पण ट्रूनॅटच्याही अटी आहेत. त्याचे काम दोन यंत्रांत विभागलेले आहे. पहिले यंत्र नमुन्यातून जनुकीय द्रव्य वेगळे काढते, दुसरे चिपवर तपासणी करते. मधल्या टप्प्यात तंत्रज्ञाला सहा मायक्रोलिटर द्रव, म्हणजे एका थेंबाचाही अंश, पिपेटने मोजून चिपवर सोडावा लागतो. बुडबुडा आला किंवा मात्रा चुकली, तर निकाल बिघडतो. रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप वेगळी चालवावी लागते. म्हणजे उष्णतेचा आणि विजेचा प्रश्न बराचसा सुटला, पण हाताच्या सवयीचा प्रश्न वाढला. प्रशिक्षित तंत्रज्ञाची बदली झाली आणि नव्याला कोणी शिकवले नाही, तर यंत्र तेच असूनही निकाल बदलू शकतात.

करोनाच्या काळात याची कसोटी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये ट्रूनॅटला करोनाच्या प्राथमिक चाळणीसाठी परवानगी दिली. तेव्हा यंत्राने बाधित म्हटलेल्या व्यक्तीची खात्री आरटी-पीसीआर तपासणीने करावी लागत असे. मे महिन्यात दुसऱ्या जनुकावर आधारित खात्रीची चिप उपलब्ध झाल्यावर ही अट शिथिल झाली. त्या वेळी गोव्यात ट्रूनॅट आणि गोमेकॉतील आरटी-पीसीआर हे दोन्ही शब्द घरोघरी पोहोचले होते. ‘आधी बाधित, मग पुन्हा तपासणी’ यामुळे लोक गोंधळत. पण नवे उपकरण टप्प्याटप्प्याने, जुन्या खात्रीच्या पद्धतीशी ताडून वापरात आणण्याची ती सावध रीत होती.

दोष यंत्राचा की वापरणाऱ्याचा?

यंत्र बंद पडल्यावर पहिला वाद याच प्रश्नावर होतो. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठवाड्यातले आहे. ते प्रयोगशाळेतील यंत्राचे नव्हे, व्हेंटिलेटरचे आहे, पण वादाचे स्वरूप अगदी तेच. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. न्यायालयाने वृत्तपत्रांतील बातम्यांची स्वतःहून दखल घेतली होती.

केंद्राच्या बाजूने असे सांगण्यात आले की यंत्रे चांगली आहेत, ती नीट वापरली गेली नाहीत. इस्पितळातील डॉक्टरांचे म्हणणे होते की ती रुग्णाला लावण्याजोगी नाहीत. न्यायालयाने केंद्राच्या या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली आणि सदोष यंत्रे रुग्णांवर वापरली जाऊ नयेत, अशी भूमिका घेतली. दुरुस्ती, फेरतपासणी आणि यंत्रे परत करणे यांवर सुनावण्या होत राहिल्या. दरम्यान रुग्ण मात्र लाटेच्या ऐन भरात खाटांवर होते.

हा वाद टाळता आला असता का? बव्हंशी, होय. यंत्र स्वीकारताना तीन पडताळण्या व्हाव्या लागतात. ते योग्य जागी, योग्य विजेवर बसवले आहे का. रिकामे चालवल्यावर ठरलेली कामे करते का. आणि याच खोलीत, याच कर्मचाऱ्यांच्या हातून, ज्ञात नमुन्यांवर अपेक्षित निकाल देते का. या तिन्हींवर पुरवठादार आणि वापरकर्ता अशा दोघांच्या सह्या असतील, तर नंतर ‘तुम्ही नीट वापरले नाही’ असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही. घाईच्या खरेदीत नेमका हा कागद राहून जातो.

टक्केवारीत लपलेले दिवस

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखताना देशभरातील सरकारी आरोग्य संस्थांतील उपकरणांची मोजदाद केली. २९ हजारांहून अधिक संस्थांत साडेसात लाखांवर उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के बंद होती. म्हणजे वाईट स्थितीतील राज्यात दर तीन उपकरणांमागे एक केवळ जागा अडवून बसले होते.

त्यानंतरच्या कार्यक्रमात उपकरणे किती काळ चालू राहावीत याची उद्दिष्टे ठरली: जिल्हा इस्पितळांत ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांत ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के. हे आकडे ऐकायला चांगले वाटतात. ते दिवसांत मांडून पाहावे. ९५ टक्के म्हणजे वर्षात साधारण १८ दिवस बंद. ९० टक्के म्हणजे ३६ दिवस. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस. जेथे एकच यंत्र आहे आणि दुसरे तालुक्याच्या ठिकाणी, तेथे हे ७३ दिवस सलग आले, तर अडीच महिने तपासणीच नाही. म्हणून केवळ वर्षाची सरासरी पाहून भागत नाही. एका खेपेला यंत्र जास्तीत जास्त किती दिवस बंद राहू शकते, याचीही मर्यादा लागते.

लहान राज्याची अडचण येथे वेगळी आहे. मोठ्या राज्यात एका कंपनीची शंभर यंत्रे असतात, त्यामुळे तिचा अभियंता तेथे मुक्कामी ठेवणे परवडते. मोजक्या जिल्ह्यांच्या राज्यात एखाद्या प्रकारची चार-पाच यंत्रे असतील, तर अभियंता बाहेरून येणार आणि जवळपासची कामे जमली की येणार. लहान राज्याची जमेची बाजूही आहे: पेडण्यापासून काणकोणपर्यंत एक दिवसात जाऊन येता येते. सुटे भाग आणि एक राखीव यंत्र राज्यात एकाच ठिकाणी ठेवले, तर ते त्याच दिवशी कोठेही पोहोचू शकते.

करारात काय असावे, नोंदवहीत काय असावे

खरेदीच्या निविदेत यंत्राच्या किमतीची चर्चा होते, सेवेची क्वचित. हमीकाळ संपल्यावर दोन प्रकारचे करार होतात. साध्या वार्षिक देखभाल करारात अभियंत्याची भेट धरलेली असते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सर्वसमावेशक करारात सुटे भागही येतात. पहिला स्वस्त दिसतो, पण महागडा भाग गेला की मंजुरीची फाइल फिरू लागते आणि यंत्र तिची वाट पाहत राहते. म्हणून पहिल्या पाच-सात वर्षांच्या सर्वसमावेशक सेवेची किंमत यंत्राच्या किमतीतच मिळवून निविदांची तुलना करणे शहाणपणाचे. स्वस्त यंत्र मग कित्येकदा स्वस्त राहत नाही.

करारात काही गोष्टी शब्दांत असायला हव्यात. तक्रार नोंदवल्यापासून किती तासांत प्रतिसाद आणि किती दिवसांत दुरुस्ती. मुदत टळली तर राखीव यंत्र कोण देणार. सुटे भाग व रसायने किती वर्षे उपलब्ध राहतील. संगणकप्रणालीतील सुधारणा विनामूल्य मिळतील का. सदोष साठ्यातील कार्ट्रिज किंवा चिप बदलून मिळतील का. आणि तंत्रज्ञ बदलल्यावर पुन्हा प्रशिक्षण कोण देणार. यंत्र नवे असेल, तर पहिल्या वर्षासाठी या अटी अधिक कडक असाव्यात, कारण बिघाडांचा पहिला चढ त्याच वर्षात असतो.

प्रयोगशाळेचीही जबाबदारी आहे. तक्रार तोंडी राहिली, तर ती उद्या अस्तित्वात नसते. तारीख, यंत्राचा व मॉड्यूलचा क्रमांक, त्रुटीचा सांकेतिक क्रमांक, कार्ट्रिजच्या साठ्याचा क्रमांक, खोलीचे तापमान आणि वीज गेली होती का, एवढ्या सहा गोष्टी रोज लिहिल्या, तर महिन्याअखेरीस दोष यंत्राचा की वापराचा, हा वाद बराचसा आपोआप मिटतो. अभियंता आला तर त्याने काय बदलले याची नोंद त्याच्या सहीने ठेवावी. दुरुस्तीनंतर ज्ञात नमुन्यावर चाचणी केल्याशिवाय रुग्णाचा नमुना लावू नये.

दाद मागण्याची कायदेशीर चौकटही आता आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि रोगनिदानाची साधने त्यांच्या कक्षेत येतात. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची व दोषांची नोंद घेण्यासाठी मटेरिओव्हिजिलन्स हा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालवला जातो. इस्पितळातील डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका कोणीही तेथे अहवाल पाठवू शकतात. पुरवठादाराकडे केलेली तक्रार एका यंत्रापुरती राहते. देशातील दहा प्रयोगशाळांनी एकाच साठ्याविषयी अहवाल पाठवले, तर तो साठा परत बोलावण्याचे कारण तयार होते. २०११ मध्ये जी-४ आवृत्ती आली, तीही वापराच्या ठिकाणांहून आलेली माहिती निर्मात्यापर्यंत पोहोचली म्हणूनच.

जुने साधन टाकू नये

नवे यंत्र आले म्हणून सूक्ष्मदर्शक कपाटात जाऊ नये, हाही या अनुभवाचा एक धडा आहे. यंत्र बंद असलेल्या दिवशी काचपट्टीची तपासणी निम्म्याअधिक रुग्णांना तरी लगेच ओळखू शकते. उरलेले नमुने शेजारच्या केंद्रात पाठवण्याची वाट आधीच ठरलेली असावी: कोणते केंद्र, कोणते वाहन, कोणत्या वेळी, आणि निकाल कोणाच्या दूरध्वनीवर. नमुना प्रवास करतो तेव्हा रुग्णाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी वाचते.

सोनागिरीतील कामगार असो की वेर्ण्याच्या कारखान्यातला, तीन आठवड्यांच्या खोकल्यानंतर तो रजा काढून तपासणीला येतो. त्याला यंत्राचे नाव ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. त्या दिवशी त्याला दोनच गोष्टी कळतात: निकाल मिळाला, किंवा ‘मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या’. दुसरे उत्तर त्याला मिळू नये, यासाठी निविदेत सेवेच्या अटी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापासून रोज नोंदवही भरणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत सर्वांनी आपले काम तो इस्पितळात येण्याच्या कितीतरी आधीच केलेले असावे लागते.